फाइलचं नाव शटर दाबायच्या आधी ठरवा

निपाणीच्या एका तरुण फोटोग्राफरने विचारलंय: "कॅप्चर वन वापरतो. लग्नं करतो आणि शहापूर-वडगावच्या साड्यांचं कॅटलॉग शूटही करतो. दर वेळी नवीन सेशन उघडलं की फोल्डर, नावाचा फॉरमॅट सगळं परत भरावं लागतं. एकदा बसवलं की कायम राहील असं काही आहे का? आणि जुन्या लग्नांच्या फाइलींची नावं आता बदलून घेऊ का?"

आहे. कॅप्चर वन (रॉ फोटो घ्यायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर) एका कामाचे फोटो, एडिटिंग सगळं ज्या फोल्डरमध्ये ठेवतं ते सेशन. त्याचं टेम्प्लेट, म्हणजे पुन्हा वापरायचा साचा, करा आणि नावाच्या फॉरमॅटचा प्रीसेट वेगळा सेव्ह करा. बटणं कुठं आहेत ते दोन मिनिटांत सांगून होईल. पण आपल्या भागातल्या बऱ्याच स्टुडिओंत मी बघतो, टेम्प्लेट केलेलं असतं आणि तरीही अल्बमच्या वेळी फोटो सापडत नाहीत, कारण आतलं नावच नीट ठरवलेलं नसतं. म्हणून आधी नाव, मग टेम्प्लेट, या क्रमानेच सांगतो.

पहिली गोष्ट अशी की कॅप्चर वनमध्ये फाइलला नाव पडायच्या जागा तीन आहेत आणि तिन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. केबल लावून शूट करताना नाव पडतं ते 'नेक्स्ट कॅप्चर नेमिंग' या टूलमधून. कार्डावरून फोटो घेताना पडतं ते इम्पोर्टच्या खिडकीतल्या 'नेमिंग'मधून. जेपेग बाहेर काढताना पडतं ते एक्स्पोर्टच्या नेमिंगमधून. तुम्ही एका जागी फॉरमॅट बसवला म्हणून दुसऱ्या जागी तो आपोआप येत नाही. "मी सेट केलं होतं पण लग्नाचे फोटो कॅमेऱ्याच्या मूळ डीएससी नावानेच आले" ही तक्रार बहुतेक इथलीच असते: सेटिंग केबलच्या टूलमध्ये केलेलं असतं आणि लग्नाचे फोटो आलेले असतात कार्डावरून.

आता नावात काय असावं. आपल्याकडचा सर्रास रिवाज म्हणजे गाव आणि आडनाव. खानापूर पाटील, येळ्ळूर पाटील, निपाणी पाटील. एका सीझनमध्ये किती पाटील येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यात स्पेलिंगचा घोळ. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण आपल्या हार्ड डिस्कवर एकाच शहराचे फोल्डर तीन-चार स्पेलिंगांनी पडलेले असतात. स्टुडिओतला मराठी मुलगा एक लिहितो, कन्नड मुलगा दुसरं लिहितो, आणि सर्च मारला की अर्धंच सापडतं. म्हणून नाव ओळखीचं वाटावं यापेक्षा ते एकमेव असावं, दुसऱ्या कुठल्याही कामाला चुकूनही मिळू नये, हे जास्त महत्त्वाचं. अशी एक गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे: बुकिंगच्या वहीतला पावती नंबर. तो दोन गिऱ्हाइकांना कधीच एक नसतो. अॅडव्हान्स घेतला त्या क्षणी तो ठरलेला असतो आणि तो वाचायला मराठी येणाराही चालतो, कन्नड येणाराही चालतो.

मी नाव असं ठेवायला सांगतो: आधी तारीख, मग पावती नंबर, मग गावाची तीन अक्षरं. ७ मे २०२६ चं खानापूरचं काम, पावती ११८, तर सेशनचं नाव २६०५०७_११८_केएनपी. (इथं देवनागरीत लिहितोय, फाइलला मात्र रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच द्या. त्याचं कारण पुढं सांगतो.) तारीख उलटी, म्हणजे वर्ष, महिना, दिवस अशीच हवी. दिवस आधी लिहिला तर कॉम्प्युटर ०३ मार्चला १४ फेब्रुवारीच्या वर ठेवतो आणि सगळा सीझन विस्कटतो. गावाची अक्षरं मनाने ठरवू नका. एक यादी करा, छापा आणि कॉम्प्युटरजवळ चिकटवा. बेळगावसाठी मी बीजीएम ठेवतो, रेल्वे स्टेशनचा कोड अजून तोच आहे आणि तो सगळ्यांना पाठ आहे.

रोमन अक्षरांचा आग्रह का? विंडोज मराठी आणि कन्नड दोन्ही नावं नीट दाखवतं, तिथं अडचण नाही. अडचण पुढं येते. अल्बम डिझाइनची जुनी सॉफ्टवेअरं, लॅबचे अपलोडर, झिप फाइल, असल्या ठिकाणी देवनागरी नावाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. स्पेसही टाळा, तिच्या जागी खालची रेघ वापरा. उभी रेघ, दोन्हीकडच्या तिरक्या रेघा, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण ही चिन्हं विंडोज फाइलच्या नावात घेतच नाही. मॅकवर काम करणाऱ्याने त्यातलं एखादं घातलं की ती फाइल लॅबच्या विंडोज मशीनवर त्रास देते. नाव आखूड ठेवायचं आणखी एक कारण आहे: विंडोजमधल्या बऱ्याच प्रोग्रामांना फोल्डरांसकट सगळा पत्ता २६० अक्षरांच्या आतच लागतो.

मग नवरा-नवरीचं नाव, घराणं, मंगल कार्यालय हे कुठं लिहायचं? मेटाडेटात, म्हणजे फोटोसोबत साठणाऱ्या माहितीत. कॅप्शन आणि कीवर्डमध्ये देवनागरी बिनधास्त लिहा. तिथं "खानापूर, पाटील, हळद" असं लिहिलेलं असलं की कॅप्चर वनच्या आत शोध लागतो आणि फाइलचं नाव मोकळं राहतं. इम्पोर्टच्या खिडकीत कॉपीराइट आणि डिस्क्रिप्शन भरायची सोय आहे. तीही त्याच वेळी भरून टाका, नंतर भरू म्हटलेलं कोणी भरत नाही.

आता टेम्प्लेट. सेशन म्हणजे एक फोल्डर, त्यात सेशनची एक डेटाबेस फाइल आणि कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट, ट्रॅश असे चार पोटफोल्डर. कॅप्चर वनमधल्या कॅटलॉगपेक्षा (सगळी कामं एकाच डेटाबेसमध्ये ठेवायची पद्धत) आपल्या धंद्याला सेशनच बरं असं माझं ठाम मत आहे. लग्न संपलं की पूर्ण फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवता येतं आणि एडिटिंगसकट जसंच्या तसं उघडतं.

एक रिकामं सेशन तयार करा. त्याला "लग्न_मूळ" असलं काही नाव द्या. एकही फोटो घेऊ नका. कॅप्चरच्या आत हळद, मुहूर्त, वरात, रिसेप्शन असे जे भाग तुम्ही नेहमी वेगळे करता त्यांचे पोटफोल्डर करा आणि प्रत्येकावर राइट क्लिक करून ते सेशन फेव्हरिट्समध्ये घ्या. दोन स्मार्ट अल्बम (ठरवलेल्या अटीत बसणारे फोटो आपोआप गोळा करणारे) करा: एक पाच ताऱ्यांचा, एक हिरव्या टॅगचा. पाच तारे म्हणजे अल्बमला जाणारे, हिरवा म्हणजे गिऱ्हाइकाने मागितलेले. हे दोन वेगळे ठेवाच, कारण तुम्हाला आवडलेला फोटो आणि नवरीच्या मावशीला हवा असलेला फोटो क्वचितच एक असतो, आणि अल्बममध्ये दोन्ही लागतात.

मग नेक्स्ट कॅप्चर नेमिंग उघडा. फॉरमॅटच्या ओळीशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की टोकनांची, म्हणजे नावात आपोआप भरल्या जाणाऱ्या तुकड्यांची, यादी येते. त्यातलं 'डॉक्युमेंट नेम' हे टोकन तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. ते टोकन सेशनचं नाव उचलतं. म्हणजे फॉरमॅट "डॉक्युमेंट नेम, खालची रेघ, फोर डिजिट काउंटर" असा ठेवला की नवीन सेशन करताना तुम्ही २६०५०७_११८_केएनपी एवढं एकदा टाइप करायचं, पुढच्या प्रत्येक फाइलला ते आपोआप लागतं. फॉरमॅटमध्ये पुन्हा कधी हात घालावा लागत नाही. याच खिडकीत हा फॉरमॅट युजर प्रीसेट म्हणून सेव्ह करा. प्रीसेट प्रोग्रामपाशी राहतो, सेशनपाशी नाही, त्यामुळे टेम्प्लेट कधी बिघडलं तरी फॉरमॅट हाताशी राहतो.

एवढं झालं की फाइल मेनूतून 'सेव्ह ॲज टेम्प्लेट'. पुढच्या वेळी न्यू सेशनच्या खिडकीत टेम्प्लेटच्या जागी तुमचं नाव निवडा. आणि लगेच, त्याच दिवशी, एक खोटं सेशन उघडून बघा: फोल्डर आले का, अल्बम आले का, नेमिंगखालच्या सॅम्पलच्या ओळीत नाव हवं तसं दिसतंय का, काउंटर एकपासून आहे का. काउंटर चुकीचा असेल तर टूलच्या मेनूत 'रीसेट कॅप्चर काउंटर' आहे. ही तपासणी कॅप्चर वनची आवृत्ती बदलली की परत करायची. लग्नाच्या सकाळी करायची नाही.

लग्नाला मात्र केबल नसते, कार्ड असतं, म्हणून इम्पोर्टचा फॉरमॅट वेगळा हवा आणि तो मी काउंटरवर ठेवत नाही. तिथं "डॉक्युमेंट नेम, खालची रेघ, इमेज नेम" असा ठेवा. इमेज नेम म्हणजे कॅमेऱ्याने दिलेलं मूळ नाव. ते राखल्याचा फायदा असा की कार्ड अजून फॉरमॅट झालं नसेल आणि एखादी फाइल खराब निघाली तर कार्डावर तीच फाइल लगेच सापडते. कॉम्प्युटरने नवा नंबर दिला की तो दुवा तुटला.

पण त्यासाठी कॅमेऱ्याचं नाव आधी सुधारायला हवं. कॅमेऱ्याची नावं डीसीएफ नावाच्या प्रमाणाप्रमाणे पडतात: आठ अक्षरं, पहिली चार अक्षरांची जागा आणि पुढं ०००१ ते ९९९९ नंबर. दोन फोटोग्राफर, दोन्हीकडे एकाच कंपनीचे कॅमेरे, म्हणजे दोघांकडेही डीएससी_०४१२ असणारच. एका फोल्डरमध्ये कॉपी करताना विंडोज "रिप्लेस करू का" विचारतं, रात्रीचे दोन वाजलेले असतात, पोरगं "येस" दाबतं आणि मुहूर्ताचे फोटो हळदीच्या फोटोंखाली कायमचे जातात. यावर उपाय कॅमेऱ्याच्या मेनूतच आहे. निकॉनमध्ये फाइल नेमिंग, सोनीच्या नव्या मॉडेलांत सेट फाइल नेम, कॅननच्याही बऱ्याच मॉडेलांत फाइलच्या नावाची पहिली अक्षरं बदलता येतात. एका बॉडीला तुमच्या स्टुडिओची दोन अक्षरं आणि ए, दुसरीला तीच दोन अक्षरं आणि बी. एकदा केलं की झालं. कलर स्पेस अॅडोबी आरजीबी ठेवली असेल तर नावाच्या सुरुवातीला खालची रेघ येते, ते बघून घाबरू नका.

त्याच बैठकीत दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवून घ्या. नाव कितीही चांगलं असलं तरी दोन कॅमेऱ्यांचे फोटो एका ओळीत लागतात ते वेळेवरूनच. घड्याळ पुढं-मागं असेल तर अक्षता पडायच्या आधीच हार घातलेले दिसतात. आणि मोठ्या लग्नाआधी कॅमेऱ्याचा फाइल नंबर रीसेट करा. नाहीतर ऐन मुहूर्ताला ९९९९ वरून ०००१ वर येतो आणि नावाच्या क्रमाने लावलं की शेवटचे फोटो सुरुवातीला जातात. इम्पोर्टच्या खिडकीत 'बॅकअप टू' म्हणून दुसऱ्या डिस्कचा पत्ता द्यायची सोय आहे, ती चालू ठेवा.

साड्यांचं शूट हे वेगळं प्रकरण आहे, त्याला वेगळं टेम्प्लेट करा. इथं केबल लावलेली असते, मॉडेल किंवा पुतळा एका जागी असतो, आणि व्यापाऱ्याने नगांची यादी दिलेली असते. एका साडीचे पदर, काठ, अंगावरची बुट्टी, पूर्ण नेसलेली अशी ठरलेली चित्रं. इथं फॉरमॅटमध्ये 'नेम' हे टोकन घाला, म्हणजे टूलमधल्या नेमच्या चौकटीत जे टाइप कराल ते नावात येतं: डॉक्युमेंट नेम, नेम, काउंटर. साडी बदलली की मदतनीस नेमच्या चौकटीत नवा नग नंबर टाइप करतो, एंटर मारतो, तुम्हाला ओरडून सांगतो, मग तुम्ही क्लिक करता. हा क्रम मोडू द्यायचा नाही. माझ्या मते काउंटर प्रत्येक साडीला रीसेट करू नये, दिवसभर चालूच राहू द्यावा. नग नंबर टाइप करताना चुकला, दोन साड्यांना एकच नंबर पडला, तरी काउंटर वेगळा असल्यामुळे कुठली फाइल कुठल्या साडीची ते वेळेवरून आणि क्रमावरून सोडवता येतं. प्रत्येक वेळी एकपासून सुरू केलं तर तो धागाच राहत नाही. प्रत्येक साडीच्या पहिल्या फोटोत नगाची चिठ्ठी धरून एक फ्रेम घ्या. टाइप केलेला नंबर चुकू शकतो, साडीला टाचलेल्या चिठ्ठीचा फोटो चुकत नाही.

नग टाइप करायला पाच सेकंद लागतात म्हणून "सगळं शूट झाल्यावर नावं देऊ" असं मदतनीस म्हणतील. नाही म्हणा. एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या, फक्त बुट्टी वेगळी असलेल्या इरकली संध्याकाळी स्क्रीनवर ओळखता येत नाहीत. विणकराला येतात, आपल्याला येत नाहीत.

शिवजयंतीची मिरवणूक, गणपतीचं विसर्जन अशा रात्रभराच्या कामांना नावात मंडळ घालू नका. बेळगावच्या मिरवणुकीत चित्ररथ एकामागून एक येतात, मध्येच मागचा आधी काढलेला असतो. सगळं एका सेशनमध्ये घ्या आणि दुसऱ्या दिवशी मंडळाचं नाव देवनागरीत कीवर्ड म्हणून लावा. प्रत्येक मंडळाचा स्मार्ट अल्बम आपोआप भरतो.

एक्स्पोर्टचं नाव सर्वांत सोपं: फक्त 'इमेज नेम' (इथं म्हणजे रॉ फाइलचं आत्ताचं नाव), दुसरं काही नाही. एक्स्पोर्टमध्ये जागा 'आउटपुट फोल्डर' ठेवा म्हणजे प्रत्येक सेशनचे जेपेग त्या त्या सेशनमध्येच पडतील. लॅबसाठी एक, व्हॉट्सॲपसाठी लहान साइझची एक, अशा दोन रेसिपी (एक्स्पोर्टची सेव्ह केलेली सेटिंगं) करा आणि दोन्हींना वेगळे पोटफोल्डर द्या. मूळ रॉ फाइलचं आणि जेपेगचं नाव तंतोतंत एक असलं पाहिजे. गिऱ्हाइकाने नंबर सांगितला की त्याच नंबरने रॉ निघाली पाहिजे.

आणि इथं व्हॉट्सॲप आडवं येतं. फोटो म्हणून पाठवलं की ते नाव बदलतं, अँड्रॉइडवर आयएमजी, तारीख आणि डब्ल्यूए असं स्वतःचं नाव देतं. घरचे त्यातूनच निवड करतात आणि "डब्ल्यूए ००५३ मोठा करा" असं कळवतात. त्या नंबराचा तुमच्याकडे काहीच मागमूस नसतो. निवडीचे फोटो नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाव जसंच्या तसं राहतं. गिऱ्हाइकाला सांगा, शेवटचे चार आकडे आणि मधलं अक्षर एवढंच लिहून द्या. "ए ०४१२, बी ००८७." आजोबा मराठीत वाचून दाखवतात, डिझायनर कन्नडमध्ये लिहून घेतो, फाइल बरोबर तीच निघते.

एक धोका मोठ्या अक्षरांत सांगायला हवा. कॅप्चर वनमध्ये एडिटिंग सुरू झाल्यावर फाइलचं नाव विंडोज एक्सप्लोररमधून किंवा फाइंडरमधून कधीही बदलू नका. सेशनमध्ये तुमचं एडिटिंग फोटोच्या शेजारच्या 'कॅप्चरवन' फोल्डरमधल्या सेटिंग्जमध्ये, फोटोच्याच नावाच्या छोट्या फाइलीत ठेवलेलं असतं. बाहेरून नाव बदललं की ती जोडी सुटते आणि फोटो कोरा दिसतो. असं कोणाकडून झालंच असेल तर घाबरून पुन्हा एडिट करायला बसू नका. फाइलीला जुनं नाव अक्षर न चुकवता परत द्या, एडिटिंग परत दिसतं. नाव बदलायचंच असेल तर कॅप्चर वनच्या आतून, इमेज मेनूतल्या 'बॅच रिनेम'ने बदला, ते जोडी सांभाळून बदलतं.

लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्यांसाठी एवढंच: तिथं सेशन फाइल नसते, पण टेदर्ड कॅप्चरच्या खिडकीत सेशन नेम आणि नेमिंग टेम्प्लेट असतं, आणि कार्डासाठी इम्पोर्ट प्रीसेट असतो. वरचा सगळा विचार तसाच लागू पडतो. कॅननची ईओएस युटिलिटी वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये फाइल नेमचा भाग बघा.

राहिला जुन्या लग्नांचा प्रश्न. ज्यांचा अल्बम दिलेला आहे त्यांच्या आतल्या फाइलींना हात लावू नका. गिऱ्हाइकाकडे पेन ड्राइव्हवर जुनीच नावं आहेत, लॅबकडे जुनीच आहेत. उद्या कोणी फ्रेम करायला जुना नंबर घेऊन आला तर तो तुमच्याकडे लागला पाहिजे. फक्त सर्वांत वरच्या फोल्डरला नव्या पद्धतीने तारीख आणि पावती नंबर द्या, सेशन तेवढ्याने मोडत नाही. ज्यांचा अल्बम अजून व्हायचाय पण घरच्यांनी निवड कळवली आहे, तीही तशीच राहू द्या. ज्यांची निवडच अजून आलेली नाही तेवढीच बॅच रिनेमने बदला, आणि बदलल्यानंतरचेच जेपेग पुन्हा काढून त्यांना पाठवा.